आडवं झोपायची एकच सीट

१५ सप्टेंबर, रविवार

ही डायरी रणजितच्या विमा ऑफिसातली, गेल्या सालची. छापलेले वार चुकतात म्हणून मी ते खोडून माझे घालते. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं आहे असं आमचे हे म्हणायचे. माझ्याबद्दल दुसरं काही चांगलं ते म्हणत नसत, म्हणजे खरं असणार.

आज लिहायला कारणच तसं झालं. नातवाचा, संकेतचा, टोरांटोहून फोन आला. त्याच्या बायकोला, रुचिताला दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे. मी पणजी होणार. फोन ठेवला आणि काही काम नसताना दोनदा जिना उतरून चढून आले. खालच्या मजल्यावरच्या भाभींना सांगितलं, तर त्यांनी तिथल्या तिथे हातावर गूळ ठेवला.

आमच्याकडे पणतवंडाचं तोंड बघितलं की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात. नखाएवढीच असतात, पण सोन्याची. माझ्या सासूबाईंना ती मिळाली नाहीत. संकेत जन्मला त्याच्या दोन महिने आधीच गेल्या. म्हणून मी ठरवलंय, पोर जन्मलं की तिकडे जायचंच.

रणजित म्हणाला, आई, दिल्लीहून चौदा तास बसायचं आहे, तुझ्या मणक्याचं काय? डॉक्टरांनी मला तासाच्या वर एका जागी बसायचं नाही म्हणून सांगितलंय. मी म्हटलं, मणका इथेच ठेवून येते. तो काही हसला नाही. मग म्हणाला की विमानात पुढच्या भागात आडवं झोपायच्या सीटा असतात. त्यांचं भाडं ऐकून मी तांब्याभर पाणी प्यायले. पण त्याच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. कार्डाचं काही म्हणत होता. कार्ड म्हटलं की मला आधी शंका येते.

२२ सप्टेंबर, रविवार

आज रणजितनं जेवणाच्या टेबलावर तीन क्रेडिट कार्डांचे कागद मांडले, मुलींचे फोटो दाखवायला मांडावेत तसे. आपण दुकानात कार्ड द्यायचं, पैसे बँक भरते, महिन्यानं आपण बँकेला द्यायचे. प्रत्येक खरेदीवर पॉइंट मिळतात. पॉइंट साठले की ते विमान कंपनीकडे पाठवायचे, तिथे त्यांचे माइल होतात. माइल पुरेसे झाले की साधं तिकीट काढून पुढची झोपायची सीट मागायची. म्हणजे घरात मीठमिरची भरायची आणि कॅनडाला आडवं पडून जायचं.

मी विचारलं, यात बँकेला काय मिळतं? रणजित म्हणाला, दुकानदाराकडून थोडा कट आणि जे वेळेवर भरत नाहीत त्यांच्याकडून व्याज. म्हणजे मी झोपून जाणार आणि भाडं विसरभोळी माणसं भरणार. जरा वाईट वाटलं, फार नाही.

पहिलं कार्ड फुकट, वर्षाची फी नाही. पण त्याच्या पॉइंटांवर त्यांच्याच यादीतला टोस्टर मिळतो, विमान मिळत नाही. दुसऱ्यावर पेट्रोलला भरपूर पॉइंट. इथे जयपुरात आमची गाडी ऑफिसला आणि बुधवारी मोती डुंगरीच्या गणपतीला जाते, त्यात कॅनडा व्हायचा नाही. तिसऱ्याची वर्षाची फी चांगली जरीची साडी येईल एवढी, पण सुरुवातीलाच ढीगभर पॉइंट देतात आणि जितके पॉइंट तितके माइल.

ऋचा, माझी सून, म्हणाली की फी कशाला, फुकटवालं घ्या. मी म्हटलं, भाजीवाला कोथिंबीर फुकट घालतो तेव्हा मी टोमॅटो उलटे करून बघते. तिसरं घ्या. जो तोंडावर पैसे मागतो तो कमी लबाड असतो. रणजित माझ्याकडे बघतच राहिला. त्याच कार्डाचं एक पुरवणी कार्ड माझ्याही नावानं यायचं आहे.

२ नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

कार्ड आल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. किराणा कार्डावर, औषधं कार्डावर. नाक्यावरचा भाजीवाला म्हणतो, अम्माजी, मशीन कहाँ से लाऊँ. त्याला मी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. आता बघते.

खालच्या भाभींना नवा फ्रिज घ्यायचा होता. मी म्हटलं, आमच्या कार्डावर घ्या, पैसे आम्हाला द्या. वरच्या मजल्यावरच्यांची कपड्यांची मशीनही तशीच. मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाचं तूप, बेसन, साखर सगळं आमच्या कार्डावर. मंडळात आता मला बघितलं की बायका पर्स उघडायच्या आधीच म्हणतात, थांबा, इंदुबाई आल्या. रणजित रोज रात्री फोनवर आकडा दाखवतो. मी नातवंडाचा पाळणा बघावा तशी तो आकडा बघते.

आज मात्र फसगत झाली. पाडव्याला सोनं घ्यायचं म्हणून जौहरी बाजारात गेलो. सोन्याची फुलं घ्यायची होती, पंधरा. सराफ जुना माणूस, त्यानं हातावर ठेवून दाखवली. मी ऐटीत कार्ड पुढे केलं. घरी आल्यावर रणजितनं बारीक अक्षरातलं वाचलं, सोन्यावर पॉइंट नाहीत. मी म्हटलंच होतं, हे लोक कुठेतरी मारणार. तरी फुलं सुरेख आहेत. मी ती डब्यातून तीनदा काढून बघितली.

२१ जानेवारी, मंगळवार

मुलगी झाली. सात पौंड. फोनवर दाखवली, डोळे मिटलेले आणि मूठ आवळलेली, कार्ड धरल्यासारखी.

ठरलं ते असं. मार्चमध्ये ऋचा, मी आणि ऋचाची आई, मधुमतीबाई, तिघी जायच्या. माझ्या विहीणबाईही पणजीच झाल्या की, त्यांच्यावरही फुलं उधळायला हवीत. रणजितला ऑडिट आहे. तिकिटं तिघींची साधी, आणि पॉइंट दोन झोपायच्या सीटांपुरते होत आलेत. दोघी पणज्या पुढे, ऋचा मागे. मी ऋचाला म्हटलं, तुझं वय आहे बसायचं.

३१ जानेवारी, शुक्रवार

विहीणबाई नागपूरहून आल्या. दीड महिना आधीच. जयपूर बघायचं आहे म्हणे. या घरात ऋचा तीस वर्षं आहे, जयपुरात आम्ही चार वर्षं आहोत, तेव्हा त्यांना बघायचं नव्हतं. आता बरोबर पॉइंट पुरे व्हायच्या वेळी आल्या.

वाळल्यात. मी म्हटलं, काय हो, जेवता की नाही? तर म्हणाल्या, "वय झालं बाप्पा, आता काय." माझ्याहून तीन वर्षांनी लहान आहेत. मला काय म्हणायचं होतं त्यांना?

त्यांना ऋचाच्या शेजारची खोली दिली. दार लावून घेतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

सोमवारपासून मायलेकी रोज सकाळी दहाला बाहेर पडतात आणि बाराला येतात. योगाचा क्लास लावलाय म्हणे विहीणबाईंनी. ऋचानं त्यासाठी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आहे, तीन आठवडे. माझा मणका दुखत होता तेव्हा एक दिवस घेतली नव्हती.

मी म्हटलं, मीही येते, मलाही वाकायला शिकायला हवं. ऋचा म्हणाली, आई, तिथे जागा नाही. योगाला किती जागा लागते? एक सतरंजी.

शनिवार-रविवार क्लास नसतो, हेही आजच कळलं. बँकेला सुट्टी असते तसं.

काल विहीणबाई आल्या त्या पडूनच राहिल्या.  वेणीसुद्धा ऋचा घालून देते. योग करणाऱ्या बाईचा हात डोक्यापर्यंत जात नाही, हे मी पहिल्यांदा बघते आहे. माझ्या मते त्या दोघी बँकेत जातात. का जातात ते मी शोधून काढीन.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

घात झाला. विमान कंपनीनं दर वाढवले. कालपर्यंत दोन सीटांना लागत होते तेवढे माइल आता एका सीटला. कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, एक ईमेल टाकला आणि झालं. रणजित म्हणाला, त्यांना तो हक्क असतो, कागदावर लिहिलेलं असतं. मी म्हटलं, मग आपण कागदाच्या त्या बाजूला का बसलो नाही? पाच महिने मी लोकांचे फ्रिज आणि मशीनं जमवली.

म्हणजे आता झोपायची सीट एकच.

 जेवताना मी विहीणबाईंकडे बघत होते. त्यांनी ऋचाकडे बघितलं, ऋचानं रणजितकडे, रणजितनं भाताकडे. मी सगळं बघितलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मी त्यांच्या मागे गेले. लिहायला लाज वाटते, पण डायरीत खोटं लिहिलं तर मग लिहायचं कशाला. त्या टॅक्सीनं गेल्या, मी ई-रिक्षा केली. त्याला म्हटलं, भैया, उस गाडी के पीछे. तो म्हणाला, अम्माजी, पुलिस में हो क्या? टॅक्सी मोठ्या रस्त्याला लागली आणि ई-रिक्षावाल्यानं हात वर केले. तरी तेवढ्यात मी बघितलं, त्या बँकेकडे वळल्या नाहीत. तिकडे सगळी हॉस्पिटलं आणि औषधांची दुकानं आहेत.

मग डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टरचं सर्टिफिकेट काढतायत. माझ्या मणक्याचं कागदावर आहे, म्हणून विहीणबाईंचंही काहीतरी कागदावर आणायचं आणि सीट मिळवायची. ऋचा माझी सून असली तरी आधी त्यांची लेक आहे, हे मी समजून होतेच.

परत आल्या तेव्हा ऋचाचे डोळे लाल होते. म्हटलं, योगात रडवतात का? ती म्हणाली, धूळ गेली. विहीणबाईंची मानेखालची त्वचा काळवंडलीय, त्या म्हणतात ऊन लागलं. फेब्रुवारीत.

२३ फेब्रुवारी, रविवार

मी विषय काढला. कुणीतरी काढायला हवा होता. चहा झाल्यावर सगळ्यांसमोर रणजितला म्हटलं, सीट कोणाच्या नावावर मागणार आहेस ते सांग.

तो म्हणाला, आई, बघू. मी म्हटलं, बघू म्हणजे तुझं ठरलंय आणि सांगायचं धैर्य नाही. माझा मणका डॉक्टरांनी लिहून दिलेला आहे, पॉइंट माझ्या घरचे आहेत, आणि वरमाईचा मान असतो की नाही? लग्नात मांडवात माझे पाय धुतले होते ते काय फोटोपुरते?

शेवटचं बोलायला नको होतं. ऋचा उठून स्वयंपाकघरात गेली. रणजित काही म्हणणार होता, पण विहीणबाईंनी हातानंच त्याला थांबवलं.

"बरोबर आहे विहीणबाईंचं," त्या म्हणाल्या. "मान त्यांचाच. मी मागं बसून येते न, त्यात काय एवढं."

एवढ्या लवकर मानल्या. मी तीन दिवसांची तयारी केली होती. मुळावर घाव घालायला कुऱ्हाड उचलली आणि झाड आपणहून आडवं पडलं, असं झालं. मला ते बरं वाटायला हवं होतं. पण कुणी इतकं सोपं देतं तेव्हा त्याच्याकडे दुसरं काहीतरी असतं.

९ मार्च, रविवार

सीट मिळाली. माझं नाव, माझा नंबर, खिडकीजवळ. रणजितनं फोनवर चित्र दाखवलं. पांढरी गादी, उशी, पांघरूण, पायाशी चपला ठेवायला खण. वर दिवा. मी मंडळात सगळ्यांना सांगून आले. एकीनं विचारलं, तिथे डबा खाऊ देतात का? मी म्हटलं, ताट चिनीमातीचं देतात, डबा कशाला.

विहीणबाईंचा क्लास संपला. तरी खोलीचं दार लावलेलंच असतं. त्यांच्यासाठी वेगळं मुगाचं वरण होतं, तिखट नाही, तेल नाही. पाहुणचार म्हणून मी पुरणपोळी केली तर तुकडा मोडून ठेवला. ऋचा रात्री त्यांच्याच खोलीत झोपते. मला वाटतं, विमानतळावर त्या दोघी शेवटच्या क्षणी कागद काढतील आणि माझं नाव काढून टाकतील. डॉक्टरचा शिक्का असला की ऐकावं लागतं. तो कागद बॅगेत असणार.

१५ मार्च, शनिवार

काल धुळवड झाली. आज ऋचा आणि विहीणबाई रुचितासाठी लहरिया साडी घ्यायला जुन्या शहरात, चारदीवारीत गेल्या. खोली उघडी होती. मी आत गेले.

बॅग कॉटवर होती, कुलूप नव्हतं. साड्या, एक शाल, बाळाची टोपडी स्वतः विणलेली. खाली निळी फाईल. सगळं इंग्रजी, वर हॉस्पिटलचं चिन्ह. मला त्यातलं काही वाचता येत नाही. फाईल तशीच ठेवत होते तेव्हा तिच्याखाली ब्लाउज दिसले. तीन. समोरून बंदांचे, ढगळ.

मला इंग्रजी येत नाही, शिवण येते. कराडला असताना अठरा वर्षं मी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवले. एक उलटा करून बघितला. आत डाव्या बाजूला कापडाची पिशवी लावून तिच्यात कापूस भरलेला. उजव्या बाजूला काही नाही.

अशा मापाचा ब्लाउज मी एकदा शिवला आहे. आमच्या शेजारच्या काकूंना मुंबईहून छातीचं ऑपरेशन करून आणलं होतं, तेव्हा. त्यांनी माप द्यायला नकार दिला होता, म्हणाल्या, अंदाजानं शीव.

योगाचा क्लास कुठे होता ते कळलं. हात का वर जात नव्हता तेही. मी कॉटवर बसून राहिले, किती वेळ ते सांगता येत नाही. तासाच्या वर बसायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, पण बसले.

शिलाई कुणी केली होती कोण जाणे, बहुतेक ऋचानं. जाड दोऱ्यानं, मोठे मोठे टाके, शिवण अंगाकडे वळलेली. नुसत्या अंगाला ती टोचली असती, आणि इथे तर हॉस्पिटलातल्या किरणांच्या शेकानं कातडी भाजलेली. मी माझी सुई आणली. तिन्ही ब्लाउजांची ती पिशवी उसवली, कापूस पिंजून पुन्हा भरला, मलमलीचं अस्तर लावलं आणि बारीक टाक्यांनी शिवलं. गाठी बाहेरच्या बाजूला घेतल्या. मग होते तसे घडी करून फाईलखाली ठेवले.

त्या आल्या तेव्हा मी कुकर लावत होते. विहीणबाईंनी लहरिया दाखवला. मी म्हटलं, रंग जाईल बघा. दुसरं काय म्हणणार?

१६ मार्च, रविवार

सकाळी रणजितला गच्चीवर नेलं, कपडे वाळत घालायला. म्हटलं, त्या सीटवरचं माझं नाव काढ आणि विहीणबाईंचं घाल.

तो म्हणाला, आई, हे काय नवीन? मी म्हटलं, मला त्या सीटचा संशय येतो. चारी बाजूंनी बंद, पलीकडे कोण परका माणूस झोपलेला असेल कोण जाणे, आणि झोपेत पट्टा सुटला तर? मला माणसांत बसायचं आहे.

त्यानं हातातली चादर तारेवर टाकली आणि माझ्याकडे बघितलं. पंचावन्न वर्षांचा झाला तरी चोरी पकडताना तसाच बघतो, लहानपणी बघायचा तसा.

"तुला कुणी काही सांगितलं का?"

"मला कोण सांगतंय? मी तोंडाची फाटकी, मंडळभर करीन म्हणून कुणी सांगत नाही."

 तो म्हणाला की नाव बदलता येत नाही. आधी माझी सीट रद्द करायची, माइल परत येतात, मग नव्यानं मागायची. मधल्या वेळात ती सीट दुसऱ्या कुणी उचलली तर दोघींचीही गेली. करू का? मी म्हटलं, कर.

फोनवर त्यानं चाळीस मिनिटं घालवली. गाणं वाजत होतं, मधून मधून एक मुलगी इंग्रजीत थांबा म्हणायची. सीट सुटली. माइल परत यायला वेळ लागत होता. रणजितचा घाम मी पदरानं पुसत होते, तो मला बाजूला सारत होता. एकदा तिनं सांगितलं की सीट दिसत नाही. मी देवाला काही बोलले नाही, भाजीवाल्यासारखी त्यालाही मुदत दिल्यासारखं झालं असतं. मग ती म्हणाली, मिळाली.

खरी अडचण पुढे होती. विहीणबाई नाही म्हणाल्या. ठाम. जेवणाच्या टेबलावर हात ठेवून बसल्या.

"वरमाई मागं अन् मी पुढं? मला हे जमायचं नाही, विहीणबाई. तुम्हीच त्या दिवशी मानाचं बोलून राहिल्या होत्या."

"बोलले. मान माझाच आहे ना?"

"तुमचाच."

"मग तो कुठे ठेवायचा ते मी ठरवीन. मी तो तुमच्या सीटवर ठेवलाय. आता तुम्ही मागे बसलात तर माझा मान तिथे एकटाच झोपून जाईल कॅनडाला."

रणजितला हसू फुटलं. ऋचा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे बघितलं तेव्हा तिनं मान खाली घातली आणि माझ्या ताटात न मागता तूप वाढलं. विहीणबाईंनी आणखी वाद घातला नाही. पण त्यांना संशय आलाय. त्या दिवसभर माझ्याकडे बघत होत्या. मीही तशीच बघत असेन त्यांच्याकडे, दीड महिना. वाईट दिसतं ते.

१९ मार्च, बुधवार, विमानात

हलतंय म्हणून अक्षर वाकडं येतंय. पाच तास झाले. मी, ऋचा आणि एक पंजाबी गृहस्थ. तासाभरानं उठून मागे शौचालयाजवळ उभी राहते. तिथे विमानातल्या मुली चहाचे पेले लावतात, त्यांना आता माझी सवय झाली. एकीनं विचारलं, आँटी, दर्द है? मी म्हटलं, नहीं बेटा, ऐसे ही.

दर्द है. कमरेतून खाली सळई घातल्यासारखं आहे. अजून नऊ तास.

सोन्याची फुलं माझ्या कनवटीला आहेत. बॅगेवर माझा विश्वास नाही.

मघाशी उभी होते तेव्हा पडदा सारून विहीणबाई आल्या. पायात विमानवाल्यांचे मोजे, केस विस्कटलेले. झोपेतून उठलेलं माणूस दिसतं तशा दिसत होत्या, आणि तोंडावर जरा रंग होता. एवढ्या दीड महिन्यात मी त्यांना झोपून उठलेलं बघितलंच नव्हतं. पडून उठलेलं बघितलं होतं.

मी म्हटलं, काय हो, गादी कशी आहे?

"साडेतीन तास झोपली मी. मधात जाग नाही आली." पदर नीट केला. "अन् काही टोचलं नाही."

मी म्हटलं, चांगल्या कंपनीची गादी आहे, टोचेल कशाला.

"गादी नाही म्हणून राहिली मी, विहीणबाई. ऋचाचा टाका मला माहीत आहे. हा तिचा नाही."

मी चहाच्या पेल्यांकडे बघत राहिले. मग सरळ म्हटलं, टोरांटोत मशीन मिळालं की आणखी दोन शिवून देईन, पण अंदाजानं नाही, माप द्यावं लागेल. त्यांनी मान हलवली. डोळे भरले होते, ते पुसले नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही जा न आता पुढं, मी बसते मागं. निम्मं निम्मं करू."

पेले लावणारी मुलगी लगेच म्हणाली, नहीं आँटी, सीट चेंज अलाउड नहीं है. बरं झालं तिनं सांगितलं. नाहीतर मला पुन्हा मानाचं काहीतरी काढावं लागलं असतं.

मी त्यांना म्हटलं, जा, झोपा. पाच महिने फ्रिज आणि मशीनं विकत घेतली आहेत मी त्या गादीसाठी. जाग्या राहून वाया घालवू नका.

पडद्यापर्यंत सोडायला गेले. पडद्याच्या फटीतून बघितलं, त्या आडव्या झाल्या आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं, उजव्या कुशीवर. मग मी मागे येऊन उभी राहिले.